आधी बाईंच्या हाताला माती लागू दे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय होता ‘कलेतून अध्यापन’. कवी म्हणून माझं नाव तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या यादीत घातलेलं होतं. माझं शिक्षण बी. ए., वर्गात शिकवण्याचा अनुभव शून्य. पण कविता लिहिणाऱ्या माणसाला सगळं कळतं असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे आणि तो दूर करण्याची घाई कवीलाही नसते. मी दीड तास बोललो. चार कविता म्हटल्या, दोन विनोद सांगितले, बालकांच्या उपजत प्रतिभेविषयी काही मोठी वाक्यं टाकली. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ मिळालं.

संध्याकाळी एसटी स्टँडवर एक बाई भेटल्या. वाडीवरच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवत होत्या. शिक्षक कमी, म्हणून पाचवी आणि सहावी दोन्ही वर्ग त्यांच्याकडे. म्हणाल्या, “सर, कविता फार आवडल्या तुमच्या. पण उद्या सकाळी मला सहावीला लसावि शिकवायचाय. त्यात मी काय करू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. “करा काहीतरी कल्पक,” असं पुटपुटलो आणि गाडी लागली म्हणून सुटलो. तो प्रश्न मात्र गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. आज मी बोलणार आहे ते त्या प्रश्नाविषयी. मुलांनी कलेच्या अंगानं शिकावं असं सगळेच म्हणतात. पण ज्यांनी ते शिकवायचं, त्या गुरुजींना आणि बाईंना कोण शिकवणार, आणि कसं?

सुरुवातीला एक घोळ निस्तरून घेऊ. शाळेत कला तीन वाटांनी येते. पहिली वाट स्नेहसंमेलनाची. वर्षातून एकदा नाच, नाटुकलं, रंगीत फेटे. दुसरी वाट कलेच्या तासाची. चित्रकला, गायन हे विषय म्हणून शिकवणं, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवणं. या दोन्ही वाटा चांगल्याच आहेत. तिसरी वाट मात्र वेगळी. तिथे गणित, भाषा, भूगोल, विज्ञान हे विषय समजून घेण्यासाठीच मूल चित्र काढतं, ठेका धरतं, माती मळतं, एखादा प्रसंग उभा करतं. सरकारी कागदांत तिला ‘कला-एकात्मिक अध्ययन’ असं जड नाव आहे. आपण ‘कलेतून शिकणं’ म्हणू. इथे कलेचा तास वेगळा नसतो, गणिताच्याच तासात ती येऊन बसते. त्यामुळे ती एकट्या कलाशिक्षकाची जबाबदारी राहत नाही, प्रत्येक शिक्षकाची होते. अडचण सुरू होते ती इथूनच.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. तिनं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले ते. हस्तोद्योगाच्या भोवती सगळे विषय गुंफायचे, अशी ती नई तालीम. सूत कातताना मोजमाप आलं, कापसाबरोबर शेती आणि भूगोल आला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि कला हाच शिक्षणाचा पाया आहे हे त्यांनी मुलांबरोबर काम करता करता मांडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथल्या मुलांची साधनं झाली. या मंडळींनी मुलांना शिकवलं, तसंच शिकवणारी माणसंही घडवली. ती घडली ती मुलांमध्ये बसून, हातानं काम करून.

कागदावर म्हणाल तर आज काहीच कमी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य या चारही अंगांना शाळेत जागा द्यायला सांगितलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं लिहिलेलं आहे. २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा भावी शिक्षकांसाठी ‘शिक्षणातील नाट्य आणि कला’ हा भाग त्यात आला. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ नावाचं देशव्यापी शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं. सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचं त्याचं उद्दिष्ट होतं आणि त्यात कलेतून शिकण्यावर स्वतंत्र घटक होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर कलेतून शिकण्याचा नाव घेऊन पुरस्कार केला आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण मिळावं असंही म्हटलं.

मग गाडं अडतं कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे ते प्रशिक्षणाच्या रीतीत अडतं. आपल्याकडे प्रशिक्षण धबधब्यासारखं येतं. राज्यस्तरावर काहीजण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. लाखो शिक्षकांपर्यंत थोड्या दिवसांत पोहोचायचं तर दुसरी सोय नाही, हेही खरं. सूचना, तक्ते, नवी परिपत्रकं अशी खाली उतरू शकतात. पण ठेका परिपत्रकातून उतरत नाही. वरच्या पायरीवर ज्यांनी माती मळली, ते पुढच्या पायरीवर माती कशी मळायची ते सांगतात, आणि शेवटच्या पायरीवर ‘मातीचे महत्त्व’ या विषयावर व्याख्यान होतं. त्या तालुक्याच्या गावी मी दिलं ते अगदी हेच व्याख्यान होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गावी अशाच कार्यशाळेचं बोलावणं आलं. या वेळी मी म्हटलं, बोलणार नाही, मागच्या ओळीत बसून शिकेन. कार्यशाळा घेणारे गणिताचे एक शिक्षक होते. ते तबला वाजवायचे. त्यांनी प्रस्तावना केली नाही. चाळीस शिक्षकांचे दोन गट केले. म्हणाले, एकपासून सगळे मिळून मोठ्यानं अंक मोजा. डाव्या गटानं दर तिसऱ्या अंकावर टाळी द्यायची, उजव्या गटानं दर चौथ्या. पहिल्या फेरीत गोंधळ, हसाहशी. दुसऱ्या फेरीत ठेका जमला. तीनला डावीकडून, चारला उजवीकडून, सहा, आठ, नऊ, आणि बाराला दोन्ही बाजूंनी एकदम टाळी कडाडली. पुन्हा चोविसाला. “हा तीन आणि चारचा लसावि,” सर म्हणाले. “दोन्ही टाळ्या पहिल्यांदा जिथे भेटतात तो अंक.”

मग त्यांनी विचारलं, “आता एक गट चारवर आणि एक सहावर. कुठे भेटतील?” बहुतेकांनी लगेच उत्तर दिलं, चार सक चोवीस. सर म्हणाले, “वाजवून बघा.” वाजवलं, आणि टाळी बारालाच एकत्र पडली. खोलीत क्षणभर शांतता पसरली. दोन संख्यांचा गुणाकार केला की लसावि मिळतो, ही आमच्यातल्या अनेकांची मनातली समजूत त्या एका टाळीनं मोडली. चार आणि सहा या दोघांत दोनाचं माप सामाईक आहे, म्हणून त्यांची भेट निम्म्या वाटेवरच होते. तीन आणि चारमध्ये असं सामाईक माप नाही, म्हणून त्यांना पूर्ण गुणाकारापर्यंत जावं लागलं. शेवटी सरांनी सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा एकाच वेळी सुरू करायला लावला. दोघांची सम पुन्हा कधी जुळेल? चोवीस मात्रांनंतर. दादऱ्याची चार आवर्तनं आणि केरव्याची तीन. कविता लिहिण्यात माझी इतकी वर्षं मात्रा मोजण्यात गेली, पण लसावि माझ्या तळहाताला त्या दिवशी पहिल्यांदा समजला.

त्यानंतर सरांनी जे विचारलं, ते मी वहीत लिहून घेतलं. “आता या पाठातून टाळ्या काढून टाका. पाठाचं काही कमी होतं का?” ही कसोटी मला फार मोलाची वाटते. पाढ्यांना सिनेमाच्या गाण्याची चाल लावली, तर चाल काढल्यावर पाढे तसेच राहतात. पाठांतराला मदत झाली असेल, पण गणिताची समज वाढली नाही. टाळ्या काढल्या तर मात्र ‘भेटणं’ नावाची गोष्टच नाहीशी होते. कला पाठाला बाहेरून लावलेली झालर असेल, तर ती एक दिवस शोभते. ती पाठाच्या आत शिरली, तर मुलाच्या अंगात मुरते.

त्या कार्यशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. दुपारी माती समोर आली आणि निम्मे शिक्षक मागे सरकले. “आमचा हात नाही हो चित्रकलेत.” “मला गाता येत नाही.” ही वाक्यं माणूस जन्माला येताना घेऊन येत नाही, कुणीतरी ती त्याला दिलेली असतात. मला देणारे एक शिक्षक होते. शाळेच्या समूहगीतात मी होतो. सराव चालू असताना ते माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, “तू नुसते ओठ हलव.” समारंभाच्या दिवशी मी ओठ हलवत उभा राहिलो. घरी बोली दखनी, शाळेत मराठी. त्यामुळे आधीच जपून बोलणारा मुलगा मी, त्या दिवसानंतर चारचौघांत कधी गायलो नाही. त्या शिक्षकांना दोष देत नाही. त्यांनाही त्यांच्या लहानपणी कुणी ओठ हलवायला सांगितलं असेल. पण ही साखळी तोडायची तर ती शिक्षकापाशीच तोडावी लागते. ज्याला स्वतःच्या वाकड्या मडक्याची लाज वाटते, तो मुलाच्या वाकड्या मडक्यापाशी निवांत बसू शकत नाही. म्हणून प्रशिक्षणात आधी शिक्षकाला वाईट चित्र काढण्याची मुभा हवी.

मुलाच्या हातात आधीपासून असलेलं शिक्षण शाळेला दिसत नाही, हेही मी स्वतःवरून सांगतो. आमच्या गावात मोहरमला ताबूत बसायचा. बांधणारे माझे मामू, आणि कामट्या तासायला, खळ शिजवायला, बेगड चिकटवायला गावातली सगळ्या जातिधर्मांची पोरं. मामू चौरस कागद घ्यायचे. एका घडीनं दोन भाग, दुसरीनं चार, तिसरी घडी तिरकी, मध्यावरून घातलेली, की आठ. घडीच्या दोन्ही बाजू टोकापासून सारख्या मोजायच्या आणि एकच सरळ कातर चालवायची. कागद उलगडला की नेमका अष्टकोन. “पैले नापना, फिर काटना,” एवढाच त्यांचा सिद्धांत. असे पन्नासेक अष्टकोन मी कापले असतील. आणि हायस्कूलात भूमितीच्या पेपरात सुसम अष्टकोनाचा प्रश्न आला, तेव्हा मी तो सोडून दिला. वहीतला अष्टकोन आणि ताबुताचा अष्टकोन हे एकच, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या शिक्षकांना तरी कसं कळावं? पोरांच्या हाताला काय काय येतं, हे विचारायचं असतं, असं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आता त्या स्टँडवरच्या बाईंकडे येतो. टाळ्यांचा पाठ मी त्यांना कळवला. त्यांनी तो वर्गात घेतला आणि काही महिन्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावर बोलणार होत्या, म्हणून मलाही बोलावलं. पण बाई लसाविवर फार बोललेच नाहीत. त्यांनी एक कागद पुढे केला. पाचवीत त्या नकाशा शिकवत होत्या. पुस्तकातला नकाशा दाखवण्याआधी मुलांना म्हणाल्या, तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचं चित्र काढा. वर्गात ऊसतोड कामगारांची एक मुलगी होती. हंगामापुरती आलेली, वर्गात तोंड न उघडणारी. तिनं कोप्यांची रांग काढली, बैलगाड्या, कालवा, कारखान्याची चिमणी आणि शाळा. कालव्यावर एक आडवी रेघ होती. बाईंनी विचारलं, हे काय? मुलगी म्हणाली, “पाइप. त्यावरून येतो आम्ही.”

परिषदेत कुणी काही बोललं नाही. बाई म्हणाल्या, “ती रोज उशिरा येते म्हणून मी तिला बाहेर उभी करत होते.”

पुढे बाईंनी काय केलं? मुख्याध्यापकांना घेऊन कालव्यावर गेल्या. कोप्यांवरच्या पालकांशी बोलल्या. मुलांना लांबच्या पुलावरून आणायला एक मोठा माणूस सोबत येऊ लागला. आणि वर्गात त्याच चित्रावर दिशा, खुणा आणि प्रमाण शिकवलं. पुलावरची वाट पाइपापेक्षा किती पट लांब, हे मुलांनी पावलांनी मोजलं. कलेतून शिकण्याचा एक फायदा आपण नेहमी विसरतो. मूल विषय शिकतंच, पण शिक्षकही मुलाला शिकतो. जे मूल बोलत नाही, ते काढून दाखवतं.

आता एक सावधगिरी. कलेच्या नावाखाली काहीही खपवू नये. वारली चित्रांचे तयार ठसे मुलांकडून गिरवून घेतले, म्हणजे वारली कला आली असं होत नाही. लग्नातला चौक कोण लिहितं, त्यात काय असतं, हे आधी मुलांपर्यंत पोहोचायला हवं. प्रकल्पाची वही रात्री बारा वाजता आई रंगवत असेल, तर ते आईचं शिक्षण झालं. आणि सुबक चित्राला जास्त गुण दिले, तर पुन्हा ओठ हलवणारी पोरं तयार होतील. इथे बघायचं ते चित्र किती सुंदर आहे हे नव्हे, ते काढताना मूल कुठून कुठे पोहोचलं हे. असं बघायला शिकणं हाच प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग आहे.

मग चांगलं प्रशिक्षण कसं असावं? मी पाहिलं, त्यावरून चार गोष्टी सांगतो. एक, त्यात व्याख्यान थोडं आणि हाताचं काम जास्त असावं. दोन, प्रत्येक कृतीनंतर ‘यानं विषयाला काय दिलं’ हा प्रश्न विचारला जावा. तीन, ते एका दिवसात संपू नये. शिक्षकानं शिकावं, वर्गात करून पाहावं, फसावं आणि महिन्यानं मुलांचं काम घेऊन पुन्हा सहकाऱ्यांमध्ये बसावं. केंद्राची शिक्षण परिषद यासाठी आयती जागा आहे. आणि चार, गावातला शाहीर, कुंभार, कासार, कीर्तनकार, ताबूत आणि मखर करणारे हात यांना शाळेनं रीतसर मानधन देऊन बोलवावं. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून निवडक शिक्षकांना बोलावून बाहुल्या, हस्तकला, लोककला हातानं करायला लावतं. तिथे जाता येईल अशांची संख्या थोडीच राहणार. पण गावातला कुंभार तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतो.

खर्चाची भीती घालू नका. माती, जुनी वर्तमानपत्रं, खडू आणि टाळ्या यांना निविदा काढावी लागत नाही. लागतो तो वेळ. शिक्षकाच्या डोक्यावरची इतर कामं थोडी उतरवल्याशिवाय तो मिळणार नाही, हे मात्र वरच्यांनी लक्षात घ्यायला हवं.

आणि आपण पालकांनीही. मूल मळक्या हातांनी घरी आलं आणि “आज गणिताच्या तासाला आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या” म्हणालं, तर लगेच शाळेत तक्रार घेऊन जाऊ नका. आधी त्याला विचारा, टाळ्या कुठे भेटल्या?

अलीकडे मला कार्यशाळांना बोलावतात, तेव्हा शालीऐवजी थोडी माती भिजवून ठेवा, असं मी आधीच कळवतो. सुरुवातीला एक गाणं होतं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. माझा सूर अजूनही लागत नाही. पण आता मी नुसते ओठ हलवत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)